मोगली एरंडाच्या बिया पोरांनी खाल्ल्या तर? (वाघबीळ, ठाणे)

वाघबीळकरीण
नमस्कार मंडळी. आमच्या बिल्डिंगच्या मागे एक प्लॉट वर्षानुवर्षं पडून आहे, कंपाउंडची भिंत एका बाजूने पडलेली, पोरं तिथूनच क्रिकेटचा बॉल आणायला जातात. शुक्रवारी शेजारच्या सोसायटीतल्या चार-पाच पोरांनी तिथल्या झुडपाची वाळलेली फळं फोडून आतल्या काळ्या बिया खाल्ल्या, म्हणजे वरचं काळं टरफल काढून आतला पांढरा गर, "शेंगदाण्यासारखं लागतं" म्हणून एकमेकांना वाटून वगैरे. रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत एकेकाला उलट्या आणि मग जुलाब. एका रात्रीत सलाईन लावून दुसऱ्या दिवशी सगळी घरी आली, आता ठणठणीत आहेत, तेव्हा काळजी नको.

पण आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे चाललंय ते वाचून डोकं उठलंय. माळी म्हणतो चंद्रज्योत, वॉचमन म्हणतो रतनज्योत, सासूबाई म्हणतात मोगली एरंड. एकाने टाकलंय की ह्यात रायसिन नावाचं विष आहे, एका बीमध्ये माणूस मरतो. दुसरा म्हणतो काही होत नाही, पोट साफ होतं. सेक्रेटरी म्हणतात रविवारी जेसीबी आणून सगळा प्लॉट साफ करू (प्लॉट आपला नाही हे त्यांच्या गावीही नाही). इथे झाडांची जाण असलेली आणि डॉक्टर मंडळी आहेत म्हणून विचारते, नक्की काय आहे हे, किती घाबरायचं, आणि परत असं झालं तर पहिल्या अर्ध्या तासात घरच्यांनी करायचं काय?

रानवाटा_येऊर
फोटो टाकता आला तर टाका, पण वर्णनावरून ९९ टक्के मोगली एरंड, म्हणजे जत्रोफा कर्कस. ही ओळख बघून घ्या: पान तळहाताएवढं, साधारण बदामाच्या आकाराचं, कडेला तीन किंवा पाच उथळ कोपरे, दातेरी अजिबात नाही. फळ गुळगुळीत, आधी हिरवं, मग पिवळं, मग वाळून काळपट. आत तीन कप्पे, प्रत्येकात एक लांबट काळी बी, दोन सेंटिमीटरच्या आसपास. फांदी मोडली की पाण्यासारखा चीक येतो आणि तो कपड्यावर पडला की डाग तपकिरी होऊन कायमचा बसतो.

साध्या एरंडाचं पान फार वेगळं, पंज्यासारखं सात-आठ-नऊ बोटांत खोल कापलेलं आणि कडा दातेरी. फळावर मऊ काटे. बी चकचकीत, नक्षीदार, ठिपक्याठिपक्यांची. रायसिन आहे ते ह्या साध्या एरंडात. दोघं एकाच कुळातले, पण वेगळ्या घरचे. व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांनी दोघांची पत्रिका एक करून टाकलीय.

वाघबीळकरीण
हो हो, गुळगुळीतच फळं आहेत, काटे नाहीत. आणि चिकाचा डाग तर माझ्या मुलाच्या शाळेच्या शर्टवर आहे, मी दोन महिने समजत होते की सायकलचं ग्रीस.

दापोलीचा_दिनू
आयला मोगली एरंड म्हटलं की लहानपणच आठवतं. पान देठापासून तोडायचं, देठाच्या टोकाशी चिकाचा थेंब जमतो, गवताच्या काडीची छोटी गाठ मारून गोल करायचा, त्यात तो चीक धरायचा आणि हळू फुंकर. काय फुगे निघायचे राव, साबणाच्या फुग्यांपेक्षा जास्त रंग. आमच्याकडे प्रत्येक घराची वई, म्हणजे कुंपण, ह्याचीच, गुरं तोंड लावत नाहीत म्हणून. आणि बिया सोलून झाडूच्या हिरात ओवून पेटवायच्या, एक विझायच्या आत पुढची पेटते. पण खायच्या नाहीत हे आम्हाला कुणी शिकवायला लागलं नाही, गावातल्या प्रत्येक पोराला माहीत असायचं की "हगवण लागते". शहरातल्या पोरांना कोण सांगणार, आईबापांनाच झाड माहीत नाही.

घणसोली_एक्सप्रेस
एवढं काय त्यात. आम्ही पण खाल्ल्यात दोन-चार, काही नाही झालं. आजकालची पोरं नाजूक.

पोरांचा_डॉक्टर
घणसोली, तुम्हाला काही झालं नाही ह्याचा अर्थ बी बिनविषारी होती असा नाही. कदाचित तुम्ही चावून थुंकली असेल, किंवा ते झाडच कमी जहाल असेल. एकाच जातीच्या दोन झाडांत विषाचं प्रमाण बरंच वेगळं असतं. म्हणूनच "किती बियांपर्यंत चालतं" ह्या प्रश्नाला मी पालकांना कधीच आकडा देत नाही. लहान मुलांना दोन-तीन बियांनीही जोरदार उलट्या झालेल्या असतात.

वाघबीळकरीण, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, बाकीचं शास्त्र मागाहून.

मूल शुद्धीत असेल तर तोंडातला उरलेला चोथा बोटाने बाहेर काढा, चूळ भरायला लावा, हात धुवा. घसा जळजळत असेल तर घोट-दोन घोट पाणी चालेल. बस. मिठाचं पाणी पाजून उलटी करवायची नाही. हे मी जाड अक्षरात लिहिलं असतं. आपल्याकडे अजूनही प्रत्येक घरात कुणीतरी आजी-काका ग्लासभर मिठाचं पाणी घेऊन उभे असतात, लहान मुलाच्या अंगात एवढं मीठ गेलं तर रक्तातलं सोडियम चढून झटके येऊ शकतात, म्हणजे बीपेक्षा उपायच महाग पडायचा. घशात बोटं घालायची नाहीत. तूप, लिंबू, दही, कांद्याचा रस काही नको.

मग मुलाला घेऊन निघायचं, उलटी व्हायची वाट बघत बसायचं नाही. लक्षणं कधी अर्ध्या तासात येतात तर कधी तीन-चार तासांनी, तोपर्यंत मूल मजेत खेळत असतं आणि घरच्यांना वाटतं सुटलो. जाताना एक फळ, दोन बिया, एक पान प्लास्टिकच्या पिशवीत घ्या, नसेल तर झाडाचा फोटो. कॅज्युअल्टीत "कसल्यातरी काळ्या बिया" एवढंच सांगितलं तर समोरच्या डॉक्टरला धोत्रा, गुंज, कण्हेर, एरंड सगळ्यांचा विचार करावा लागतो आणि ह्या प्रत्येकाचं विष शरीरात वेगळ्या ठिकाणी मारा करतं. आणि बरोबर खेळणाऱ्या बाकीच्या पोरांना विचारा. एकटं पोर हे कधीच खात नाही, नेहमी टोळी असते आणि त्यातलं एखादं मार पडेल म्हणून गप्प बसलेलं असतं.

चष्मिष_७८
डॉक्टर, ह्याला उतारा नाही का काही? सापाला जसं इंजेक्शन असतं तसं?

पोरांचा_डॉक्टर
नाही. खास उतारा नाही, आणि बहुतेक वेळा लागतही नाही. खरं संकट असतं ते पाणी कमी होण्याचं. उलट्या-जुलाबातून पाणी आणि क्षार भराभर जातात ते सलाईनने भरून काढायचे, उलटी थांबली की ओआरएस चमच्याचमच्याने. मूल लवकर आणलं असेल, नीट शुद्धीत असेल तर काही वेळा डॉक्टर अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल देतात, म्हणजे औषधी कोळशाची पूड, ती विष पोटात धरून ठेवते. ते घरी करायचं काम नाही, जळका पाव खाऊ घालून तर अजिबात नाही (हसू नका, असं करून आलेले आहेत). जुलाब थांबवायच्या गोळ्या लहान मुलांना स्वतःच्या मनाने देऊ नका.

बहुतेक पोरं एक-दोन दिवसात बरी होतात. पण मूल पेंगायला लागलं, लघवी झाली नाही, हातपाय गार पडले, उलटीत किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर ते साधं प्रकरण राहिलं नाही, १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती देणारं केंद्र आहे, चोवीस तास चालतं, तुमचा डॉक्टर तिथे फोन करून विचारू शकतो.

सहज_सुचलं
पण मग एरंडेल कसं काय चालतं? माझी आजी महिन्याला एकदा सगळ्या नातवंडांना ओळीने बसवून सुंठीच्या काढ्यातून एरंडेल पाजायची, ते तर त्या रायसिनवाल्या झाडाचंच ना. म्हणजे आम्ही विष पिऊन मोठे झालो?

रानवाटा_येऊर
मस्त प्रश्न. रायसिन हे प्रथिन आहे, ते तेलात विरघळत नाही. बिया दाबून तेल काढलं की रायसिन मागे पेंडीत राहतं, आणि उष्णतेनेही ते निकामी होतं. म्हणून एरंडेल औषध आणि एरंडाची पेंड फक्त खत. त्या पेंडीमुळे कुत्री दगावतात, गुलाबाला घालायला आणतात लोक आणि कुत्रा उकरून खातो. ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांनी कुंडीत एरंडपेंड घालू नका.

आता मोगली एरंडाची गंमत बघा, इथे गणित उलटं आहे. ह्यातही कर्सिन नावाचं प्रथिन आहे, रायसिनचा लांबचा भाऊ, पण बराच मवाळ. ते उष्णतेने मोडतं. खरा त्रास देतात ते फॉर्बॉल एस्टर नावाचे पदार्थ, ते तेलात विरघळतात आणि भाजल्या-उकडल्याने जात नाहीत. म्हणजे एरंडेलाच्या हिशोबाने कुणी "मोगली एरंडाचं तेल काढू, पोट साफ" म्हटलं तर ते तेलच विषारी. आणि "भाजून खाल्लं तर चालतं" हेही चूक.

तिखट_मीठ
मेक्सिकोत खातात म्हणे ह्याच्या बिया. यूट्यूबवर बघितलंय मी. भाजून, मसाला लावून.

रानवाटा_येऊर
खातात, बरोबर आहे. हे झाड मूळचं त्याच भागातलं, मेक्सिको-मध्य अमेरिका. तिथे काही भागात ह्याची अशी जात आहे की जिच्यात फॉर्बॉल एस्टर जवळजवळ नसतातच. ती भाजून खातात. कर्सिन मात्र त्या जातीतही असतं, आणि तरी लोकांना काही होत नाही, त्यावरूनच संशोधकांना कळलं की मुख्य गुन्हेगार फॉर्बॉल एस्टर. आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर जी आली आणि कुंपणाकुंपणाला लागली ती विषारीच. दिसायला दोन्ही सारख्या. तेव्हा यूट्यूब बघून वाघबीळला प्रयोग करू नये ही विनंती.

तिखट_मीठ
मी कुठे करतोय, मी फक्त बघितलं म्हटलं. 😀

माजी_फिटर
पोर्तुगीजांचा विषय निघालाच आहे तर, त्यांनी आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांवर ह्याची लागवड केली होती आणि बिया लिस्बनला जायच्या, साबणासाठी आणि दिव्यांच्या तेलासाठी. आणि आपल्याकडे ह्याचं जे काही वेड आलं होतं ते विसरलात का सगळे? २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीचा अहवाल आला, २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के जैवडिझेल मिसळायचं, आणि ते सगळं ह्या जत्रोफातून. पडीक जमिनीवर लावा, पाणी लागत नाही, गुरं खात नाहीत, पाच वर्षांत शेतकरी मालामाल. मी तेव्हा रेल्वेत होतो, रुळांच्या बाजूच्या मोकळ्या जागेत पण लावली होती झाडं. बियांमध्ये ३० ते ४० टक्के तेल असतं हे खरं, पण पाणी नाही, खत नाही तर झाड जगतं, बिया मात्र नावाला. ते कुणी सांगितलं नाही. पेंड विषारी म्हणून गुरांना घालता येत नाही, म्हणजे तेलबियांच्या धंद्यात पेंडीतून जी कमाई निघते तीही गेली. शेतकऱ्यांनी उपटून टाकली, काही तशीच राहिली.

अगदीच वाया गेलं असंही नाही म्हणा. ऑगस्ट २०१८ मध्ये स्पाइसजेटचं डेहराडून ते दिल्ली विमान ह्याच तेलापासून केलेलं इंधन मिसळून उडवलं होतं, डेहराडूनच्या पेट्रोलियम संस्थेने बनवलेलं. पण विमान एकदा उडालं आणि झाडं शाळांच्या कुंपणाला उरली. आता दर पावसाळ्यानंतर पेपरात बातमी येते, अमुक आश्रमशाळेतल्या मुलांना चंद्रज्योतीच्या बिया खाऊन विषबाधा, आणि आपण पान उलटतो.

सीवूड्स_मावशी
माजी फिटर दादा, शेवटचं वाक्य लागलं. मी शिक्षिका होते, शहापूरकडे काही वर्षं काढली आहेत. मधल्या सुट्टीत पोरं भुकेलेली असतात हो. खिचडी यायच्या आधी जे हाताला लागेल ते खातात, चिंचेचा कोवळा पाला, बोरं, करवंदं, आवळे, आणि त्यात ही बी चवीला गोडसर, खोबऱ्या-शेंगदाण्याच्या मधली. कडू असती तर कुणी दुसरी खाल्ली नसती. धोत्र्याचं बी कडू असतं म्हणून पोरं थुंकतात तरी.

आम्ही मग काय केलं, झाड तोडलं नाही, शाळेमागे दोन-तीनच होती. चौथीच्या पोरांना त्याच्याखाली उभं केलं, फळ फोडून दाखवलं, बी हातात दिली, वास घ्यायला लावला, आणि सांगितलं की ही खाल्ली की काय होतं, अगदी जुलाबाच्या वर्णनासकट. पोरं खदखदा हसली. पण पुढे तीच पोरं पहिलीच्या पोरांवर पहारा द्यायची. फलकावर "विषारी झाड, स्पर्श करू नये" लिहिलं असतं तर पहिल्याच दिवशी दगड मारून फळं पाडली असती त्यांनी.

घणसोली_एक्सप्रेस
मावशी +१. बाकी चूक आईबापांचीच. पोरं कुठे जातात काय खातात लक्ष नको?

वाघबीळकरीण
घणसोली, पोरं आठ ते अकरा वर्षांची आहेत, संध्याकाळी खालीच खेळतात, तेवढीच मोकळी जागा आहे आमच्याकडे. बाकी सगळं पार्किंग. प्रत्येकाच्या मागे एक माणूस उभा करायचा का?

चष्मिष_७८
झालं, आता पालकत्वावर शंभर प्रतिसाद. एरंडाच्या धाग्याचं एरंडाचं गुऱ्हाळ होऊ देऊ नका लोकहो, चाललंय ते चांगलं चाललंय.

बोरू
अवांतर होईल पण लंडनमध्ये १९७८ साली एका बल्गेरियन लेखकाला छत्रीच्या टोकाने पायात बारीक गोळी टोचून मारलं होतं ते रायसिनच. वॉटर्लू पुलाजवळ. त्यामुळे रायसिन म्हटलं की लोकांची फ्यूज उडते. पण ते टोचलेलं होतं, साध्या एरंडातलं होतं, आणि वाघबीळच्या प्लॉटशी त्याचा काही संबंध नाही, हे तुमच्या ग्रुपवर कॉपी पेस्ट करा.

निसर्गवेडा_पारसिक
मी पारसिक हिलच्या बाजूला राहतो, इकडे तर धोत्रा, रुई, घाणेरी, गुंज, पावसाळ्यात कळलावी, सगळं आहे. जेसीबी लावायचा ठरवला तर कुठून सुरुवात करणार? सोसायटीच्या आतच बघा आधी. पिवळी कण्हेर, गेटजवळची लाल कण्हेर, लॉबीतली ती मोठ्या पानांची डिफेनबेकिया, नाताळात आणतात ती लाल पानांची पानचेटी. पिवळ्या कण्हेरीची बी पोटात जाणं हे मोगली एरंडापेक्षा कितीतरी गंभीर, थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम. आणि ती आपण हौसेने, माळी लावून, पाणी घालून वाढवतो! तुमच्या सेक्रेटरींना म्हणावं आधी गेटवरची कण्हेर बघा.

पोरांचा_डॉक्टर
हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, मी लिहिणारच होतो. मोगली एरंड पोटाला झोडपतो, काही तासांत कळतं तरी. पिवळी किंवा लाल कण्हेर असेल तर सुरुवातीला एखादी उलटी होऊन मूल बरं दिसतं आणि मग ठोके बिघडतात, त्यात ईसीजीवर लक्ष ठेवावं लागतं, बारीकसा संशय असला तरी मोठ्या हॉस्पिटलातच जायचं. धोत्र्यात तोंड कोरडं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, अंग तापलेलं, मूल बडबडायला लागतं, हवेत काहीतरी पकडतं. गुंजेचं कवच टणक, आख्खी गिळली तर बऱ्याचदा तशीच बाहेर पडते, पण चावलेली असेल किंवा माळेसाठी भोक पाडलेली असेल तर धोका मोठा, कारण आतलं विष रायसिनच्या जातीचं. म्हणून परत सांगतो, झाडाचा तुकडा बरोबर आणा. आमचं निम्मं काम तिथेच होतं.

सहज_सुचलं
घाणेरीची पिकलेली काळी फळं आम्ही येऊरला पोत्याने खाल्लीत लहानपणी, तीही विषारी??

रानवाटा_येऊर
पिकलेली काळी बहुतेकांना सोसतात, पक्षी तर त्यावरच जगतात. कच्ची हिरवी मात्र नाही. आणि पाला गुरांना भयंकर, यकृत जातं आणि मग उन्हात कातडी सोलवटते. पण मुलांना "काळी खा, हिरवी नको" असं शिकवायला मी जाणार नाही, त्यांच्या हिशोबात काळं म्हणजे मोगली एरंडही काळाच.

वाघबीळकरीण
खूप खूप आभार सगळ्यांचे, ग्रुपवर डॉक्टरांचा पहिला प्रतिसाद जसाच्या तसा टाकलाय (नाव न घेता). मिठाच्या पाण्यावरून दोन काकांनी वाद घातलाच, "आम्ही नेहमी देतो" वगैरे. आता झाडांचं. तो प्लॉट कुणाचा आहे तेच नक्की कळत नाही. पण आमच्या भिंतीला लागून जी सहा-सात आहेत ती आमच्या हद्दीत येतात म्हणे. मावशींचं पटतं, पोरांना दाखवायचंच, पण आमच्याकडे दोन-अडीच वर्षांची बरीच आहेत, त्यांना काय दाखवणार? ती काढलेली बरी असं माझं मत. कशी काढायची, परवानगी लागते का?

माजी_फिटर
आधी महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज टाका. शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, झुडूप की झाड ह्यावर कुणी हुज्जत घातली तर तुमच्याकडे पोचपावती असलेली बरी. अर्जात मुलांना विषबाधा झाल्याचं लिहा आणि हॉस्पिटलचे कागद जोडा.

निसर्गवेडा_पारसिक
हद्दीतली सहा-सात काढा, माझी हरकत नाही, परदेशी झाड आहे, काही बिघडत नाही. फक्त बाजूची रुई ठेवा, तिच्यावर फुलपाखरांच्या अळ्या असतात. आणि होळीला कुणी "एरंड मिळाला" म्हणून मोगलीची फांदी होळीत उभी करायला नेणार नाही हे बघा, आमच्या इथे केलं होतं एका उत्साही कार्यकर्त्याने. भटजींनी नुसतं वर बघितलं.

ऐरोली_नाका
मी मधेच येतो, आमच्या इथे रेल्वे लायनीच्या कडेला असंच एक झुडूप आहे पण छोटं, कमरेएवढं, कोवळी पानं तांबूस-जांभळी आणि चिकट, फुलं बारीक लाल. फळं तशीच तीन कप्प्यांची पण लहान. हे पण तेच का?

रानवाटा_येऊर
त्याचा भाऊबंद, जत्रोफा गॉसिपिफोलिया. तेही विषारी, तीच लक्षणं. मुंबई-ठाणे-नवी मुंबईत रुळांच्या कडेला, भरावाच्या जमिनीवर भरपूर. आणि कुंडीत लोक लावतात तो बुटका, फुगलेल्या बुडाचा, शेंदरी फुलांचा जत्रोफा आहे ना, तोही ह्यातलाच. नर्सरीवाला सांगत नाही.

दापोलीचा_दिनू
वाघबीळकरीण ताई, काढायचं काम आमच्या गावाला नेहमीचं, म्हणून सांगतो. हातमोजे आणि जुने कपडे, चिकाचा डाग जात नाही हे तुम्ही बघितलंच आहे. डोळ्याला चष्मा लावा, खाली उभं राहून वरची फांदी तोडली की चीक सरळ तोंडावर येतो, डोळ्यात गेला तर चोळायचा नाही, पाण्याच्या धारेखाली पंधरा-वीस मिनिटं धुवायचं आणि मग डोळ्याच्या डॉक्टरकडे. वईत शेर पण असेल कुठे, तो पेन्सिलीसारख्या हिरव्या काड्यांचा, तर त्याला माळ्याशिवाय हात लावू नका, त्याचा पांढरा चीक डोळ्याला ह्याच्यापेक्षा वाईट.

आधी फळं सगळी गोळा करा, खाली पडलेली पण, झाडूने. पावसात त्यातूनच परत उगवतात. मग मुळासकट खणून काढा, नुसतं कापलंत तर चार महिन्यांत पहिल्यापेक्षा दाट.

वाघबीळकरीण
आणि कापलेल्या फांद्या? सुक्या कचऱ्यात घेतील का? माळी म्हणतो मागच्या नाल्याच्या कडेला टाकतो.

दापोलीचा_दिनू
नाल्याच्या कडेला मुळीच नाही!! आम्ही वई कशी करतो माहितीये का, फांदीचा तुकडा घ्यायचा, ओल्या मातीत खोचायचा, झालं. पुढच्या पावसात नाल्याच्या दोन्ही बाजूंनी उभी राहतील. गच्चीवर किंवा सिमेंटवर पसरून उन्हात पार कडकडीत वाळू द्या, पोरांना तिकडे सोडू नका, मग उद्यान विभागाची गाडी येते पालापाचोळ्याची तिच्यात द्या. जाळू नका, कारण धूर सोसायटीतच फिरेल. आणि बिया वेगळ्या, जाड पिशवीत बांधून, वर चिठ्ठी लावून, नाहीतर कचरा वेचणाऱ्या पोरांच्या हाताला लागतील.